उपऱ्या उमेदवारासाठी किती शनिवार-रविवार द्यावेत? अमेरिकी प्रायमरींचा तुलनात्मक आढावा

२०१६ साली वॉशिंग्टन राज्यातल्या डेमोक्रॅटिक मतदारांनी, राष्ट्राध्यक्षपदाची पक्षाची उमेदवारी कुणाला, या एकाच लढतीचे दोन निकाल दिले. २६ मार्चच्या शनिवारी तिथे कॉकस झाला. म्हणजे शाळेच्या जिममध्ये नाहीतर एखाद्या हॉलमध्ये जमायचं, शेजाऱ्यापाजाऱ्यांदेखत आपण कुणाचे ते सांगायचं, वाद घालायचा आणि शेवटी डोकी मोजायची. अर्धा दिवस त्यातच जातो. बर्नी सँडर्स यांना ७३ टक्के मिळाले, हिलरी क्लिंटन यांना २७. दोन महिन्यांनी, २४ मे रोजी, त्याच राज्यात त्याच दोघांत प्रायमरी झाली, म्हणजे नेहमीसारखं गुप्त मतदान. ही पोस्टाची: घरी आलेली मतपत्रिका भरायची आणि पाठवून द्यायची. या वेळी क्लिंटन ५२, सँडर्स ४८. कॉकसला सव्वादोन लाखांच्या वर माणसं आली होती, प्रायमरीत आठ लाखांच्या घरात मतं पडली. डेलिगेट, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी, मात्र आधीच कॉकसवर वाटले गेले होते, १०१ पैकी ७४ सँडर्स यांना. मे महिन्यातली प्रायमरी नुसती शोभेची. नेब्रास्कातही त्याच वर्षी असंच झालं, फक्त आकडे कमी टोकाचे होते.

दोन महिन्यांत कार्यकर्त्यांचा जोश ओसरला नव्हता. मोजायचं माप बदललं होतं.

हा आढावा एडिसन, फ्रीमाँट किंवा डॅलसच्या आसपास राहणाऱ्या मराठी माणसासाठी आहे. पक्षातल्या बड्यांना नको असलेला कुणी नवखा उमेदवार त्याला मनापासून आवडलाय. आता त्याच्यासाठी फोन करायचे, थंडीत दारोदार फिरायचं, पैसे पाठवायचे, की मत टाकून गप्प बसायचं, हे ठरत नाहीये. उमेदवाराची धोरणं बरी की वाईट हे मी सांगणार नाही, ते ज्याचं त्याने बघावं. मला एवढंच तपासायचंय, की गेल्या वीस-बावीस वर्षांत अशा लोकांच्या उत्साहाचं कुठे मतांत रूपांतर झालं आणि कुठे नुसती वाफ झाली.

महाराष्ट्रातून बघणाऱ्यांसाठी एक खुलासा. आपल्याकडे तिकीट म्हणजे एबी फॉर्म आणि तो श्रेष्ठींच्या खिशात. सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता शेवटच्या रात्रीपर्यंत वाट बघतो आणि फॉर्म कालच पक्षात आलेल्याला मिळतो. अमेरिकेत तिकीट मतदार देतात, कॉकसमध्ये किंवा प्रायमरीत. त्यामुळे तिथे उपऱ्याला थेट पक्षश्रेष्ठींच्या डोक्यावरून उडी मारता येते. निदान कागदावर तरी.

टोप्या आणि फुगा

पहिली जोडी हॉवर्ड डीन आणि रॉन पॉल यांची. दोघेही डॉक्टर, दोघेही आपापल्या पक्षात एकटे पडलेले. डीन व्हरमाँटचे माजी गव्हर्नर, २००३ मध्ये इराक युद्धाच्या उघड विरोधात बोलणारे. पॉल टेक्सासचे खासदार, रिपब्लिकन असून त्याच युद्धाला विरोध करणारे, शिवाय सरकार आणि मध्यवर्ती बँक दोन्हींवर रागावलेले.

डीन यांच्या मोहिमेने इंटरनेटवरून माणसं जमवण्याचं तंत्र पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वापरलं. २००३ च्या तिसऱ्या तिमाहीत त्यांनी १ कोटी ४८ लाख डॉलर उभे केले. तोवर कुठल्याही डेमोक्रॅटिक इच्छुकाने एका तिमाहीत एवढे जमवले नव्हते. वर्षअखेरीला माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांनीही पाठिंबा दिला. जानेवारी २००४ मध्ये देशभरातून हजारो स्वयंसेवक आयोवात, म्हणजे पहिला कॉकस जिथे होता त्या राज्यात, उतरले. डोक्यावर नारिंगी लोकरी टोप्या, हातात पत्रकं, बाहेर बर्फ. १९ जानेवारीचा निकाल: जॉन केरी ३८, जॉन एडवर्ड्स ३२, डीन १८ टक्के. त्या रात्री व्यासपीठावरून डीन यांनी मारलेली आरोळी टीव्हीवर इतक्यांदा दाखवली गेली, की पुष्कळांना वाटतं त्या आरोळीमुळे ते हरले. आरोळी नंतरची, हार आधीची.

चूक कुठे झाली? माझं मत असं, की नारिंगी टोपी दारात दिसली की आयोवातल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला पहिली गोष्ट कळायची, हा पोरगा आपल्याकडचा नाही. कॉकसमध्ये शेजाऱ्याचा शब्द चालतो, पाहुण्याचा चालत नाही. तुम्ही न्यू जर्सीहून दुसऱ्या राज्यात प्रचाराला जाण्याचा विचार करत असाल तर हे ध्यानात ठेवा. गावातल्या जत्रेत बाहेरगावचे मानकरी शोभत नाहीत.

पॉल यांच्याकडे पैशाची कथा आणखी अचाट. ५ नोव्हेंबर २००७ रोजी समर्थकांनी आपणहून एक दिवस ठरवला आणि त्या चोवीस तासांत चाळीस लाख डॉलरहून जास्त रक्कम जमा झाली. १६ डिसेंबरला, बोस्टन टी पार्टीच्या स्मरणदिनी, पुन्हा तसंच केलं तेव्हा साठ लाखांच्या आसपास. अधिकृत प्रचार कार्यालयाने हे दिवस आखलेच नव्हते. समर्थकांनी वर्गणी काढून पॉल यांच्या नावाचा एक भलामोठा हवेत तरंगणारा ब्लिंपसुद्धा उडवला. त्या तिमाहीत सगळ्या रिपब्लिकन इच्छुकांत सर्वाधिक पैसे पॉल यांच्याकडे आले. आणि जानेवारी २००८ मध्ये आयोवात १० टक्के, न्यू हॅम्पशरमध्ये ८ टक्के, दोन्हीकडे पाचवा नंबर.

दोघांचा निकाल शेजारी ठेवला तर दिसतं, की छोट्या देणग्यांचा ढीग समर्थकांची तीव्रता सांगतो, संख्या सांगत नाही. चाळीस हजार माणसं प्रत्येकी शंभर डॉलर देऊ शकतात, पण आयोवातल्या एखाद्या शाळेत कॉकसला त्यातली दोनच येणार असतात.

नियमपुस्तक वाचणारे

२०१२ मध्ये पॉल यांची माणसं शहाणी झाली होती. आयोवात त्यांना २१ टक्के मिळाले, म्हणजे तिसरा नंबर. पण आयोवातलं त्या रात्रीचं मतदान कुणालाही बांधील नव्हतं. खरे डेलिगेट पुढच्या काही महिन्यांत तालुका, जिल्हा, राज्य अशा बैठकांतून निवडले जाणार होते. मतमोजणी झाल्यावर बाकीचे घरी गेले आणि पॉल यांचे लोक खुर्च्यांवर बसून राहिले. ऑगस्टमध्ये रिपब्लिकन पक्षाच्या टाम्पाच्या अधिवेशनात आयोवाच्या २८ पैकी २२ डेलिगेटांनी पॉल यांचं नाव घेतलं! आपल्या सहकारी सोसायटीच्या वार्षिक सभेत चहा-बिस्किटं संपल्यावर जे थांबतात त्यांच्याच हातात कारभार जातो, तसंच.

पण हेही पुढे ऐका. त्याच अधिवेशनात मेन राज्यातल्या पॉल समर्थक डेलिगेटांपैकी निम्म्यांना बसू दिलं गेलं नाही आणि पक्षाने नियम बदलून पुढच्या वेळेपासून डेलिगेटांना मतदारांच्या कौलाशी बांधून टाकलं. ती फट बुजली. नियमांतून मिळवलेला विजय नियम बदलला की संपतो. म्हणून जुन्या मोहिमेची युक्ती नव्या मोहिमेत सांगणारा कुणी भेटला, तर आधी चालू वर्षाचे नियम विचारा.

याच खेळातला सगळ्यात नीट डाव बराक ओबामा यांच्या मोहिमेने २००८ मध्ये टाकला. ओबामांना निखळ उपरा म्हणता येणार नाही, ते सिनेटर होते आणि पक्षातले बरेच मोठे लोक मागे होते. पण न्यू जर्सीत राहणाऱ्यांनी हा हिशेब पाठ करावा. ५ फेब्रुवारीला न्यू जर्सीत अकरा लाखांच्या वर मतं पडली. हिलरी जिंकल्या आणि डेलिगेट वाटले गेले ५९ विरुद्ध ४८, म्हणजे ११ ची आघाडी. त्याच दिवशी आयडाहोत कॉकसला एकवीस हजारांच्या आसपास माणसं आली. ओबामांना १५, हिलरींना ३. आघाडी १२ ची. आयडाहोतल्या एका स्टेडियमभर माणसांनी अख्ख्या न्यू जर्सीची आघाडी पुसून टाकली.

आता बहुतेक राज्यांनी कॉकस सोडून प्रायमरी घेतली आहे, वॉशिंग्टननेही. थोड्या पण कट्टर समर्थकांना मिळणारा हा जुना फायदा त्यामुळे आक्रसलाय. उपऱ्याच्या मोहिमेत शिरण्याआधी आपल्या राज्यात कॉकस आहे की प्रायमरी, हा प्रश्न उमेदवाराच्या भाषणापेक्षा महत्त्वाचा मानतो मी.

एकच वर्ष, दोन नियम

२०१६ मधले दोन उपरे म्हणजे सँडर्स आणि डोनाल्ड ट्रम्प. एक अनेक दशकं अपक्ष म्हणवणारे, दुसरे कधीच कुठल्या पदावर नसलेले. दोघांच्या सभांना तोबा गर्दी. सँडर्स यांना १ कोटी ३२ लाख मतं मिळाली, सुमारे ४३ टक्के. ट्रम्प यांना १ कोटी ४० लाख, सुमारे ४५ टक्के. किती जवळचे आकडे! पण एक हरले, एक जिंकले.

पहिला फरक प्रतिस्पर्ध्यांचा. सँडर्स यांच्यासमोर व्यवहारात एकटी हिलरी, ट्रम्प यांच्यासमोर सोळा जण. दुसरा फरक वाटपाचा. रिपब्लिकन पक्षात बऱ्याच राज्यांत पहिल्या नंबरला सगळं किंवा बहुतेक सगळं मिळतं. साउथ कॅरोलायनात ट्रम्प यांना ३२.५ टक्के मतं पडली आणि ५० च्या ५० डेलिगेट मिळाले. डेमोक्रॅटिक पक्षात १५ टक्क्यांचा उंबरा ओलांडला की प्रमाणात वाटप. ऐकायला न्याय्य आहे, पण मागून येणाऱ्याला त्यात धाप लागते. ८ मार्चला मिशिगनमध्ये सगळ्या चाचण्या खोट्या पाडून सँडर्स जिंकले, सगळीकडे जल्लोष झाला. हाती काय लागलं? ६७ विरुद्ध ६३. त्याच रात्री मिसिसिपीत हिलरींनी ३१ विरुद्ध ५ असं झोडपलं. जल्लोष एकीकडे, बेरीज दुसरीकडे.

मिसिसिपी आणि साउथ कॅरोलायना इथेच सँडर्स यांची खरी अडचण होती. त्यांचे कार्यकर्ते तरुण होते, भरपूर होते, पण दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय मतदारांत, विशेषतः चर्चमध्ये नियमित जाणाऱ्या वयस्कर बायकांत, त्यांना कुणी फारसं ओळखत नव्हतं. साउथ कॅरोलायनात हिलरींनी ७३ टक्के घेतले. २०२० मध्ये सँडर्स यांनी नेवाडात लॅटिनो मतदारांत चांगला शिरकाव केला आणि तिथे दणकून जिंकले. पण त्यानंतर आठवड्याभरात साउथ कॅरोलायनाने जो बायडन यांना उभं केलं, पीट बुटिजेज आणि एमी क्लोबुशार या दुसऱ्या दोन इच्छुकांनी माघार घेतली, आणि ३ मार्चला १४ पैकी १० राज्यं बायडन यांच्याकडे गेली. २०१६ मध्ये रिपब्लिकन मंडळींनी एकमेकांसाठी माघार घेतली नाही, २०२० मध्ये डेमोक्रॅटांनी घेतली. उपऱ्याचं नशीब त्याच्या समर्थकांइतकंच त्याच्या विरोधकांच्या भांडणावर ठरतं. हे कुठल्याही स्वयंसेवकाच्या हातात नसतं, आणि रविवारची दुपार फोनवर घालवताना याची जाणीव असलेली बरी.

तर मग गर्दी मोजायची कशी? गर्दीत कोण नाही ते बघा. ज्या गटाची मतं निर्णायक आहेत, त्या गटातलं कुणी सभेत दिसत नसेल, तर मैदान कितीही भरो. एप्रिल २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअरमध्ये सँडर्स यांच्या सभेला सत्तावीस हजार लोक आल्याचं मोहिमेने सांगितलं. सहा दिवसांनी ते ५८-४२ असे हरले.

छोटी लढत

२०१६ ला देशभरात हिलरी आणि सँडर्स यांच्यातला फरक सुमारे ३७ लाख मतांचा होता. तुम्ही तुमच्या परीने काहीही केलं असतं, तरी त्यात थेंबही पडला नसता.

आता २६ जून २०१८ चा न्यूयॉर्कचा चौदावा काँग्रेस मतदारसंघ घ्या, ब्राँक्स आणि क्वीन्सचा. जो क्राउली १९९९ पासून खासदार, सभागृहातले पक्षाचे चौथ्या क्रमांकाचे नेते, १४ वर्षांत प्रायमरीत कुणी समोर उभंच राहिलं नव्हतं. समोर अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ, वय २८. दोन वर्षांपूर्वी त्या सँडर्स यांच्या मोहिमेत राबल्या होत्या. त्यांना सुमारे १७ हजार मतं मिळाली, क्राउलींना सुमारे १३ हजार. मतदारसंघाची वस्ती सात लाख! फरक चार हजारांचा. एका कार्यकर्त्याने महिनाभरात तीस माणसं खरोखर केंद्रापर्यंत आणली, तर असे १३५ कार्यकर्ते म्हणजे तो अख्खा फरक. इथे तुमचा शनिवार मोजला जातो.

उजव्या बाजूलाही हेच. ब्लिंप उडवणाऱ्या समर्थकांना रॉन पॉल यांना कधी राष्ट्राध्यक्षपदाच्या जवळ नेता आलं नाही, पण २०१० मध्ये त्यांनी रॉन यांचा मुलगा रँड पॉल यांना केंटकीच्या सिनेट प्रायमरीत ५९-३५ असं निवडून आणलं, तेही सिनेटमधले रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनेल यांच्या पसंतीच्या उमेदवाराविरुद्ध. पैसे जमवायची पद्धत तीच, राज्य मात्र एकच.

आणि जून २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरपदाची डेमोक्रॅटिक प्रायमरी. जोहरान ममदानी वर्षाच्या सुरुवातीला चाचण्यांत १ टक्क्यावर होते, समोर माजी गव्हर्नर अँड्र्यू कुओमो आणि त्यांच्या बाजूने बाहेरच्या गटाने ओतलेले दोन कोटी डॉलरहून अधिक. ही लढत काही छोटी नव्हती, दहा लाखांवर मतं पडली. पण नियम उपऱ्याला अनुकूल होते. शहरातल्या रहिवाशाने दिलेल्या छोट्या देणगीवर शहराची तिजोरी आठपट भर घालते, आणि मतदार एकाऐवजी पाच जणांना पसंतीक्रम देऊ शकतो. त्यामुळे ममदानी आणि आणखी एक उमेदवार ब्रॅड लँडर यांनी एकमेकांना दुसरी पसंती द्या असं उघड सांगितलं. शेवटच्या फेरीत ममदानी ५६, कुओमो ४४. दारोदार फिरणाऱ्यांचं श्रेय कमी लेखायचं नाही, पण तेच कार्यकर्ते जुन्या पद्धतीच्या मतपत्रिकेवर किती चालले असते, याची मला शंका आहे.

मतपत्रिकेवरून आठवलं. न्यू जर्सीत वर्षानुवर्षं २१ पैकी १९ काउंट्यांत (म्हणजे जिल्ह्यांत) पक्षाने पसंत केलेले उमेदवार एका सरळ ओळीत छापले जायचे आणि बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात. २०२४ मध्ये खासदार अँडी किम यांनी याविरुद्ध कोर्टात दाद मागितली, मार्चअखेर निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि पुढच्या वर्षी कायदाच बदलला. तुमच्या ओळखीतला कुणी तीन-चार वर्षांपूर्वी 'इथे नवख्याला वावच नाही' म्हणाला असेल तर तेव्हा तो बरोबर होता. आता पुन्हा विचारा.

बेळगावचा माणूस

मराठी वाचकाला जवळची तुलना मिशिगनची. ऑगस्ट २०१८ ची गव्हर्नरपदाची डेमोक्रॅटिक प्रायमरी. पक्षाच्या पसंतीच्या ग्रेचेन व्हिटमर आणि समोर दोन उपरे. एक अब्दुल एल-सायद, डेट्रॉइटच्या आरोग्य खात्याचे माजी प्रमुख, सँडर्स आणि ओकासिओ-कोर्टेझ त्यांच्या प्रचाराला आलेले, तरुण स्वयंसेवकांची फौज. दुसरे आपल्या बेळगावचे श्री ठाणेदार, १९७९ मध्ये अमेरिकेत गेलेले रसायनशास्त्रज्ञ आणि उद्योजक. ठाणेदारांनी स्वतःच्या खिशातून एक कोटीहून जास्त डॉलर घातले. सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या वेळी टीव्हीवर जाहिरात, घरोघर नाव. निकाल: व्हिटमर ५२, एल-सायद ३०, ठाणेदार १८. ठाणेदारांना दोन लाखांच्या आसपास मतं, म्हणजे मतामागे पन्नास डॉलर. कार्यकर्त्यांच्या जोरावर लढलेला पैशाच्या जोरावर लढलेल्याच्या पुढे राहिला, पण पक्षाचं यंत्र दोघांच्याही पुढे.

मला त्यानंतरची गोष्ट जास्त आवडते. ठाणेदार डेट्रॉइटला राहायला गेले, २०२० मध्ये राज्य विधानसभेवर निवडून आले, आणि २०२२ मध्ये तेराव्या काँग्रेस मतदारसंघाच्या प्रायमरीत नऊ उमेदवारांच्या गर्दीत २८ टक्क्यांवर जिंकले. अख्ख्या राज्यात १८ टक्के म्हणजे तिसरा नंबर, एका मतदारसंघात २८ टक्के म्हणजे खासदारकी.

तर द्यायचं काय?

राष्ट्राध्यक्षपदाच्या उपऱ्याला मी मत देईन, परवडेल ती छोटी देणगी देईन, पण विमानाचं तिकीट काढून आयोवाला जाणार नाही. सुट्टीचे दिवस द्यायचेच तर आपल्याच काउंटीतल्या, आपल्याच काँग्रेस मतदारसंघातल्या प्रायमरीला. तिथे तुम्ही नारिंगी टोपीवाले पाहुणे नसता. देवळातल्या, क्रिकेटच्या, मंडळाच्या गणपतीतल्या ओळखी तिथेच कामाला येतात. एकच अपवाद: उमेदवार हरणार हे माहीत असूनही काम शिकायचं असेल, तर जा. डीन हरले पण पुढे २००५ मध्ये पक्षाचे अध्यक्ष झाले, आणि त्यांच्या मोहिमेतल्या तंत्रज्ञ पोरांनीच पुढे ओबामांची इंटरनेट मोहीम उभारली.

पैशाबाबत दोन गोष्टी. २०२५-२६ साठी केंद्रीय पदाच्या एका उमेदवाराला एका निवडणुकीसाठी जास्तीत जास्त ३,५०० डॉलर देता येतात, प्रायमरीचे वेगळे आणि मुख्य निवडणुकीचे वेगळे. आणि बेरीज २०० डॉलरच्या वर गेली की तुमचं नाव आणि नोकरीचं ठिकाण सरकारी नोंदीत सगळ्यांना दिसतं. ऑफिसमध्ये राजकारण लपवत असाल तर याचं भान ठेवा.

ग्रीन कार्ड असेल तर देणगी चालते, मत चालत नाही. एच-१बीवर असाल तर एक डॉलरही देता येत नाही, पण बिनपगारी स्वयंसेवक म्हणून फोन करता येतात, पत्रकं वाटता येतात. नागरिक नसताना चुकून मतदार यादीत नाव लागलं तर लगेच काढून घ्या, त्यात इमिग्रेशनची मोठी झंझट होऊ शकते.

आणि नागरिक असाल तर मतदार नोंदणीत पक्षाचा रकाना काय म्हणतो ते आजच बघा. न्यू जर्सीत तो कोरा असेल तर प्रायमरीच्या दिवशी केंद्रावर पक्ष निवडता येतो. दुसऱ्या पक्षाचं नाव लागलेलं असेल तर ५५ दिवस आधी बदलावं लागतं. न्यूयॉर्कमध्ये २०१६ ला हे फार कडक होतं: एप्रिलमधल्या प्रायमरीसाठी पक्ष बदलायची मुदत ९ ऑक्टोबर २०१५ लाच संपली होती. सँडर्स यांचे कितीतरी अपक्ष म्हणून नोंदलेले चाहते त्यात बाहेर राहिले. ट्रम्प यांची मुलगी इव्हांका आणि मुलगा एरिक यांनाही वडिलांना मत देता आलं नाही.